सूत्रधाराच्या जागी संगणक

दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीची सात मुले आणि आम्ही दोन शिक्षक मिळून एक खेळ खेळलो. टेबलावर किल्ल्याचा नकाशा, हातात फासे आणि प्रत्येकाजवळ आपापल्या पात्राचा कागद : कोणी हेर, कोणी वैद्य, कोणी गोलंदाज. (गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. क्रिकेट नंतर आले!) पहारा चुकवून कैद्याला सोडवायचे, ही मोहीम. दोन दिवस खेळ रंगला. मग मुलांनी तोच खेळ संगणकावर बसवायचे ठरवले आणि गाडे अडले.

झाले होते असे, की वैद्य झालेल्या मुलीने पहारेकऱ्याला विचारले, "मुलाचा ताप उतरला का?" आमच्या कथेत पहारेकऱ्याला मूलच नव्हते. आम्ही तिला फासा टाकायला सांगितला. सहा पडले, आणि पहारेकऱ्याला मुलगा झाला! दरवाजाही उघडला. संगणकाला हे कसे जमावे? जो प्रश्न आधी कोणी लिहून ठेवलेला नाही, तो तिथे विचारताच येत नाही.

ही अडचण आमच्या एकट्यांची नव्हे. अशा खेळांपैकी सर्वांत प्रसिद्ध 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार असतो. तो कथा सांगतो, आणि नियम अपुरे पडले की निवाडाही करतो. 2023 साली बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने याच खेळाच्या 2014 च्या नियमांवरून 'बाल्डर्स गेट 3' हा संगणकीय खेळ काढला. मूळ नियमपुस्तकातील पात्रांचे बाराही प्रकार त्यात आले, कारण फासा, बळ, जखम हे सारे आकड्यांचे काम आणि आकडे संगणकाला प्रिय. पण मृताशी बोलण्याचा मंत्र पाहा. टेबलावर प्रेताला मनात येतील ते पाच प्रश्न विचारता येतात. संगणकावर समोर दिलेल्या प्रश्नांतूनच निवडावे लागतात. 'विश' या मंत्राने तर मागाल ते मिळते! टेबलावर पात्र 20 व्या पायरीपर्यंत चढते. लॅरियनने 12 व्या पायरीवरच थांबणे पसंत केले, त्यामागे अशा बलाढ्य मंत्रांची अडचण होतीच.

मोहिमेचेही तसेच. 'पाथफाइंडर'ची 'किंगमेकर' ही 2010 सालची छापील मोहीम चार-पाच मित्रांनी एकत्र बसून खेळण्यासाठी होती. 2018 साली ती संगणकावर आली तेव्हा खेळणारा एकटा पडला. मग त्याला सोबती हवेत म्हणून स्वभाव, भांडणे, गुपिते असलेली नवी पात्रे लिहावी लागली. ती इतकी आवडली, की 2022 मध्ये मोहीम पुन्हा छापली तेव्हा ती टेबलावरच्या खेळातही आली.

पालकांना हे परके वाटेल, पण तोंडी चाललेला खेळ नियमांत बांधण्याचे काम आपल्या बडोद्याने फार पूर्वी केले आहे. गावागणिक हुतुतू निराळा होता. वाद झाला की तिथल्या तिथे मिटवायचा. 1923 साली येथील हिंद विजय जिमखान्याने छापील नियम काढले आणि अखिल भारतीय सामने भरवले. परगावचे संघ एकाच नियमाने खेळू शकले, हा मोठाच लाभ. पण छापील नियमांनाही पंच लागतोच. आमच्या मुलांना नेमका तोच सापडत नव्हता.

"यात अभ्यास कुठे आहे?" असे एका पालकांनी विचारले. आम्ही त्यांना मुलांची वही दाखवली. पहारेकरी काय काय ऐकू शकेल आणि त्यावर काय म्हणेल, याची चौदा पाने भरली आहेत, तीही शुद्धलेखन तपासून. शनिवारी दुपारी संगणक कक्ष उघडा मिळावा, अशी विश्वस्तांना विनंती केली आहे.

खेळ अजून अर्धाच झाला आहे. पहारेकऱ्यासाठी एकवीस प्रश्न ठरले, त्यात तापाचाही आहे. त्याचे उत्तर लिहायचे काम वैद्य झालेल्या मुलीने मागून घेतले आहे.