साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून

स्वामीमलै, जि. तंजावर

चि. सोनूस,


शाळेचा संघ अभिरूप खटल्याच्या स्पर्धेत उतरतोय हे वाचून फार आनंद झाला. पण ‘मला वकील व्हायचं होतं, बाईंनी साक्षीदार केलं’ ही तुझी ओळ मनाला लागली. त्यातून खटला मूर्तिचोरीचा आणि तू मूर्तितज्ज्ञ. हा तर माझ्या अंगणातला विषय, म्हणून लगेच लिहायला बसले.

कोर्टात वकिलाचं बोलणं हा पुरावा नसतो. कितीही सुरेख बोलला तरी तो युक्तिवाद. निकालपत्रात आधार म्हणून येतं ते साक्षीदारानं शपथेवर सांगितलेलं. रोज कुंभकोणमच्या कोर्टात उभी राहून मी हे पाहते. चांगला साक्षीदार हाती नसला की आम्ही वकील पोकळ होतो.

पत्तूरच्या नटराजाची गोष्ट वाच. पत्तूर हे आमच्या तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातलं गाव. १९७६ साली तिथल्या पडक्या शिवमंदिराच्या जागेत खणताना एका मजुराला धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यातला नटराज हातोहाती विकला जात लंडनला पोहोचला आणि १९८२ साली बम्पर डेव्हलपमेंट या कॅनडाच्या कंपनीनं, खोट्या कागदपत्रांवर विश्वास ठेवून, तो विकत घेतला. मूर्ती जतनाच्या कामासाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना पोलिसांनी ती ताब्यात घेतली. मग खटला उभा राहिला. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला पत्तूरचं पडकं देऊळ. हो, देऊळच! आपल्या कायद्यात देवस्थानाला पक्षकार होता येतं, आणि इंग्लंडच्या न्यायालयानंही ते मानलं.

पण मुख्य प्रश्न होता ओळखीचा. लंडनमधला नटराज तो पत्तूरचाच, हे सांगायचं कुणी? ते सांगितलं तज्ज्ञ साक्षीदारांनी. तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक डॉ. आर. नागस्वामी घडणीबद्दल बोलले. कुणी धातू तपासला, कुणी मूर्तीला चिकटलेली माती, तर कुणी चक्क तिच्यावरच्या वाळवीच्या वाटा. त्याच ठिकाणी सापडलेल्या बाकीच्या मूर्तींशी हे सगळं ताडून पाहिलं. १९८८ साली निकाल देवळाच्या बाजूनं लागला, १९९१ साली अपीलही फेटाळलं गेलं आणि नटराज मायदेशी परतला. वाळवीवर बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला आपलं काम छोटं वाटलं असतं तर?

आता तुझी तयारी. तज्ज्ञ म्हणून उभी राहणार आहेस, तर मूर्ती कशी होते हे डोळ्यांपुढे हवं. इथले स्थपती, म्हणजे मूर्तिकार, आधी मेणात अख्खी मूर्ती घडवतात, पार बोटांच्या नखांपर्यंत. तिच्यावर कावेरीच्या गाळाची मऊ माती पातळ लिंपतात, ती सावलीत सुकली की जाड थर देतात आणि वरून तारेनं आवळतात. साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं. त्या पोकळीत पंचधातूचा रस ओततात आणि निवल्यावर साचा फोडतात. साचा फुटला तो फुटला! पुढची मूर्ती पुन्हा नव्या मेणातून. त्यामुळे दोन मूर्ती हुबेहूब सारख्या होत नाहीत, आणि तज्ज्ञाला ‘ही तीच’ असं म्हणता येतं त्याचं मूळ इथे आहे. तुझ्या सरतपासात, म्हणजे तुमचाच वकील तुला प्रश्न विचारेल तेव्हा, हे साध्या शब्दांत आलं पाहिजे, पाठ केल्यासारखं नको. मात्र संयोजकांनी दिलेल्या कागदांबाहेरचं काही स्पर्धेत चालत नसेल, तर मी सांगितलेलं समजून घेण्यापुरतं ठेव. तिथे पदरचं एक वाक्यही घालू नकोस.

सरतपासात तुमचा वकील सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे, प्रश्न विचारू शकत नाही, त्यामुळे उत्तर तुझ्याकडूनच यायला हवं. त्याच्या तोंडाकडे बघत थांबू नकोस. उलटतपासात समोरचा सूचक प्रश्नच विचारेल, ‘हो की नाही’त अडकवायला बघेल. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दे. त्याचं म्हणणं खरं असेल तर सरळ ‘हो’ म्हण, वाद घालू नकोस. वाद घालायला तुमचा वकील आहे आणि उलटतपासानंतर त्याला पुन्हा प्रश्न विचारायला फेरतपास मिळतो. मूर्तीच्या घडणीची तज्ज्ञ म्हणून उभी असताना किमतीबद्दल विचारलं, तर ‘तो माझा विषय नाही’ म्हणायला लाजू नकोस. सिनेमातले कोर्टातल्या आरडाओरड्याचे प्रसंग बघून मुलं तसंच करतात, आणि परीक्षकही कधी कधी त्याला भुलतात. ते मला मुळीच पटत नाही. तू शांतच बोल.

आमच्या टेकडीवरच्या स्वामीनाथाची, म्हणजे मुरुगनची, कथा तुला ठाऊक आहे. बाल मुरुगननं ब्रह्मदेवाला प्रणवाचा, म्हणजे ओंकाराचा, अर्थ विचारला. रोज तोंडी असलेल्या अक्षराचा अर्थ त्याला सांगता येईना, म्हणून त्याला कोंडून ठेवलं. तुझ्या जबाबातला प्रत्येक शब्द तसा तपासून घे. ‘शैली’ म्हणालीस की पुढचा प्रश्न येणार, शैली म्हणजे काय? ‘चोळकालीन’ म्हणालीस की, कशावरून?

जबाबाची प्रत मला पाठव. रविवारी संध्याकाळी फोनवर मी विरुद्ध बाजूची वकील होईन आणि जरासुद्धा दया दाखवणार नाही. तुमच्या संघातल्या वकिलालाही शेजारी बसव, फेरतपासात काय विचारायचं ते त्यानं तिथेच टिपून घ्यावं.

तुझी,
आत्या