खोका बंद करण्याआधी

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही एक्स्पोर्टच्या मालाचं पॅकिंग करतो. आजूबाजूला स्टीलची भांडी, इमिटेशन ज्वेलरी, प्लास्टिक मोल्डिंग. त्यातच अलीकडे बॅटरीवर चालणारा माल वाढला आहे: रिचार्जेबल टॉर्च, हातात धरायचे मीटर, कॉर्डलेस ड्रिल, दवाखान्यातली छोटी उपकरणं. हा माल काशिमीऱ्याला हायवेला लागतो, दहिसर नाका ओलांडून सहारच्या कार्गो टर्मिनलला पोचतो आणि तिथून विमानात चढतो. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी जे सांगत असते, तेच इथे लिहिते आहे.

१. खोक्याच्या आत शेवटचं बघतो ते आपण.

टेप लागली की पुढचे सगळे बाहेरच्या लेबलवर आणि कागदावर विसंबतात. टेम्पोवाला, क्लीअरिंग एजंट, टर्मिनलवरचा लोडर, वैमानिक, सगळेच. एक्स-रेमध्ये बॅटरीचा आकार दिसतो. ती किती चार्ज आहे, तिची टर्मिनल नीट झाकली आहेत का, हे काही त्यात दिसत नाही.

३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचं बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालं. साधारण वीस-बावीस मिनिटांत मालाच्या कप्प्यात आग लागल्याचा इशारा मिळाला. वैमानिकांनी विमान दुबईकडे वळवलं, पण धूर इतका की समोरची यंत्रंही दिसेनात. विमान कोसळलं, दोघेही वैमानिक गेले. चौकशीत आग लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालातून सुरू झाल्याचं समोर आलं. त्या विमानात धोकादायक म्हणून नोंदवलेला एकही नग नव्हता. प्रत्यक्षात निदान तीन कन्साइनमेंटमधले लिथियम-आयन पॅक नियमाप्रमाणे तसे नोंदवायला हवे होते. म्हणजे आपण कशावर बसलो आहोत, हे त्या दोघांना कोणी सांगितलंच नव्हतं. नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी हे सांगते, आणि घाईघाईत सांगत नाही.

२. आधी टर्मिनल झाकायची, मग बाकीचं.

बॅटरीची दोन टोकं धातूने जोडली गेली की शॉर्ट होतो, सेल तापतो. एका मर्यादेपलीकडे आतली रसायनं स्वतःच उष्णता सोडू लागतात. मग बाहेरून काही न करताही ताप चढत जातो आणि शेजारच्या सेललाही तो पेटवतो. विमानाच्या कप्प्यातला हॅलॉन वायू लिथियम-आयनची उघडी ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतलं तापणं आणि एका सेलवरून दुसऱ्यावर जाणं त्याने थांबत नाही. म्हणून जे करायचं ते खोक्यातच करायचं.

प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिक पिशवीत किंवा खाचांच्या ट्रेमध्ये ठेवायचा. उघड्या पट्ट्यांवर पिवळी पॉलीइमाइड टेप लावायची. वायरी बाहेर आल्या असतील तर दोन्ही टोकांना वेगवेगळी टोपी, एकत्र गुंडाळायच्या नाहीत. खोक्याला स्टेपलर मारायचा नाही, पिन आत घुसते.

आमच्या भागातली एक गोष्ट नियमपुस्तकात सापडणार नाही. शेजारच्या गाळ्यात स्टील कापलं जातं आणि त्याचा बारीक कीस हवेबरोबर, चपलांबरोबर आमच्या टेबलापर्यंत येतो. बॅटरी काढण्याआधी टेबल ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, मग नवा ब्राउन पेपर अंथरायचा. एकदा पांढऱ्या कागदावर टॉर्चलाइट आडवी धरून बघा. चमचमणारे कण दिसले की पुन्हा हे सांगावं लागत नाही. मेटलची पट्टी, कटर, किल्ल्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. मोजायला प्लास्टिकची पट्टी वापरायची.

३. पॉवर बँक हीसुद्धा बॅटरीच.

हा घोळ सगळ्यात जास्त होतो. बटण आहे, दिवा आहे, यूएसबी आहे, म्हणून लोक तिला उपकरण म्हणतात. कार्गोमध्ये ती सुटी बॅटरी म्हणून मोजतात आणि यूएन ३४८० या क्रमांकात जाते. उपकरणाच्या आत बसवलेली किंवा त्याच्यासोबत त्याच खोक्यात ठेवलेली लिथियम-आयन बॅटरी यूएन ३४८१. हे दोन क्रमांक वेगळे ठेवायचे, कारण १ एप्रिल २०१६पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना प्रवासी विमानात माल म्हणून बंदी आहे. त्या फक्त मालवाहू विमानाने जातात आणि त्यासाठी नारिंगी लेबल वेगळं लागतं.

हिशेब अवघड नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने धरली तर ७४ वॅट-अवर. उपकरणाच्या आत किंवा सोबत जाणाऱ्या मालाला सोपी सवलत मिळते ती सेलला २० आणि बॅटरीला १०० वॅट-अवरपर्यंत. त्याच्या वर गेलं की पूर्ण डेंजरस गुड्सची कागदपत्रं. सुट्या बॅटऱ्यांची अशी सवलत एप्रिल २०२२मध्येच संपली, हे जुन्या माणसांना अजून सांगावं लागतं.

४. चार्ज ३० टक्क्यांच्या वर नको.

सुट्या बॅटरीला हा नियम २०१६पासून आहे. १ जानेवारी २०२६पासून उपकरणासोबत वेगळ्या ठेवलेल्या, २.७ वॅट-अवरपेक्षा मोठ्या बॅटरीलाही तो लागू झाला. भरलेल्या बॅटरीत जितकी ऊर्जा जास्त, तितकं तापणं जोरात. नियमामागचं कारण एवढंच. पॅक करणाऱ्याने हे स्वतः तपासावं, फॅक्टरीने फोनवर सांगितलं म्हणून धरून चालू नये. मल्टिमीटरने व्होल्टेज बघता येतं, पण ते बनवणाऱ्याच्या तक्त्याशी ताडून. आणि लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही. तिथे मीटरचा आकडा फसवतो, फॅक्टरीकडून डिस्चार्जची लेखी नोंदच घ्यावी.

५. फुगलेली, चेपलेली, कंपनीने परत मागवलेली बॅटरी विमानाने जात नाही.

वॉरंटीत परत आलेल्या मालात ती हमखास सापडते. बाजूला काढायची, चर्चा नको.

६. खोका पावसाळ्यात वेगळा असतो.

आमच्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. जुलैत रिकामं कार्टन भिंतीला टेकून ठेवलं तरी दोन दिवसांत मऊ पडतं. बॅटरीचा खोका १.२ मीटरवरून पडला तरी आतला माल हलता, फुटता किंवा बाहेर येता कामा नये. २०२५पासून सवलतीत जाणाऱ्या खोक्यांना तीन मीटर उंच थप्पीचा भार २४ तास सोसण्याचीही अट आली. कोरड्या कार्टनने मे महिन्यात हे जमतं म्हणून ऑगस्टमध्ये जमेलच असं नाही. कार्टन पॅलेटवर, जमिनीपासून वर, प्लास्टिकने झाकून ठेवायचे. वापरण्याआधी कोपरा अंगठ्याने दाबून बघायचा. दबला तर तो खोका बॅटरीला नाही.

उपकरणात बॅटरी असेल तर बटण आपोआप दाबलं जाणार नाही, हेही बघायचं. ड्रिलचा ट्रिगर लॉक करायचा, टॉर्चच्या बॅटरी-काँटॅक्टमध्ये प्लास्टिकची पट्टी घालायची.

७. लेबल एकाच बाजूवर, सपाट.

लाल तिरप्या रेघांच्या किनारीचा बॅटरी मार्क असो की वर सात काळे उभे पट्टे असलेला नऊ नंबरचा, तो कोपऱ्यावर दुमडायचा नाही. वरून टेपचा पट्टा येता कामा नये. खोके मोठ्या खोक्यात गेले तर बाहेरही लेबलं पुन्हा लागतात. जुन्या खोक्यावरचं जुनं लेबल तसंच राहिलं, तरी माल अडतो.

८. "नुसतं इलेक्ट्रॉनिक पार्ट्स लिहा ना."

हे वाक्य या धंद्यात कोणी ना कोणी बोलतंच. बिनधोक मालाचा दर कमी, कागद कमी, माल लवकर सुटतो. "ताई, कोण उघडून बघणार?" असं एका गाळेवाल्या शेठनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "शेठ, कोणी उघडणार नाही म्हणूनच तर खरं लिहायचं." सुट्या बॅटऱ्या 'पार्ट्स' म्हणून गेल्या तर त्या प्रवासी विमानाच्या पोटात जातात. गल्फला जाणाऱ्या त्याच विमानात वर मीरा रोडची, नयानगरची, भाईंदरची माणसं बसलेली असतात. शेठ गप्प झाले, मग म्हणाले, "बरं, जे लागतं ते करा." त्यांचा माल दोन दिवस उशिरा गेला आणि ते अजूनही आमच्याकडेच येतात.

खरं लिहायचं तर सोबतचा कागदही खरा हवा, म्हणून यूएन ३८.३ या बॅटरी-चाचणीचा सारांश आधी मागून घ्यायचा. २०२०पासून बॅटरी बनवणाऱ्याने तो उपलब्ध करून देणं बंधनकारक आहे. त्यावरचं मॉडेल आणि हातातल्या बॅटरीवर छापलेलं मॉडेल अक्षर न् अक्षर जुळवायचं. दुसऱ्याच मॉडेलचा कागद जोडून पाठवणारे पुरवठादार मी पाहिले आहेत. तो कागद बघायचा तो चाचण्या समजून. बॅटरीला हवेच्या कमी दाबात ठेवतात, गरम-थंड करतात, हादरवतात, बाहेरून शॉर्ट करतात, चिरडतात, जास्त चार्ज करतात. इतकं सोसलेल्या डिझाइनलाच विमानात जागा आहे.

९. टेम्पो उन्हात थांबवायचा नाही.

दहिसरला वाहतूक तुंबली की छोटा हत्तीच्या पत्र्याखाली मे महिन्यात माल भाजतो. बॅटरीचा माल संध्याकाळीच निघावा. चालकाच्या हातात कागदाची एक प्रत असावी आणि आत काय आहे ते त्याला तोंडी सांगावं. तोही माणूसच आहे, त्याच्या पाठीमागे काय आहे हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

१०. खोका हाताला गरम लागला, गोडसर वास आला किंवा आतून फुस्स आवाज आला तर उघडून बघायचं नाही.

माणसं लांब करायची. धूर नसेल आणि उचलणं शक्य असेल तरच खोका ढकलगाडीने मोकळ्या जागेत न्यायचा, बाकी मालापासून दूर. धूर निघाला की त्याच्याजवळ श्वास घ्यायचा नाही, तो विषारी असतो. बाहेर पडायचं आणि १०१ लावायचा. अग्निशमन दलाला फोनवर 'लिथियम बॅटरी' हे शब्द आधी सांगायचे, पत्ता त्याच दमात. आग विझल्यासारखी दिसली तरी आतले सेल पुन्हा पेटू शकतात, म्हणून भरपूर पाणी मारून थंड ठेवावं लागतं. आमच्या गाळ्याच्या दारात पॅलेट कधीच अडवे लावत नाही, ते याचसाठी.