चाल कागदावर, आवाज संगणकातून : मिडी जोडणीचा प्राथमिक पाठ

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजेच २०२४ च्या नामांतरापूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला, गाण्याची जुनी परंपरा आहे. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. पुढे तमाशाचे फड, सत्यशोधक व आंबेडकरी जलसे, भजनी मंडळे, चर्चमधील उपासना गीते आणि गावोगावच्या गायन पार्ट्या यांनी ही परंपरा चालू ठेवली. परंतु गीतांचे शब्द जितके कागदावर आले तितक्या त्यांच्या चाली आल्या नाहीत. गाण्यांची वही मुलाकडे जाते, पण चाल बहुधा गायकाच्या गळ्याबरोबरच जाते. ही हानी काही अंशी तरी टाळता यावी, म्हणून प्रस्तुत लेखात चाल संगणकावर उतरवून ती योग्य रीतीने वाजवून घेण्याची माहिती देत आहोत.

चाल लिहिण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) व पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) या दोघा मराठी माणसांनी स्वतंत्र स्वरलिपी तयार केल्या. आज म्यूझस्कोरसारखी स्वरलेखनाची प्रणाली संगणकावर विनामूल्य मिळते. तिच्यात पाश्चात्त्य पद्धतीने पाच रेघांवर लिहावे लागते. तिचा मोठा फायदा असा की, लिहिलेले लगेच ऐकता येते. मात्र मांडणी चुकली तर लेखन बरोबर असूनही ऐकू येणारे चुकीचे असते.

मिडी म्हणजे काय?

निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ साली मिडी ही पद्धत प्रत्यक्षात आली. तारेतून प्रत्यक्ष आवाज जातो, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. आम्ही बँकेत काम करणारी माणसे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो : मिडी ही रोकड नव्हे, ते व्हाउचर आहे. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली व केव्हा सोडली, एवढाच मजकूर त्यात असतो. प्रत्यक्ष आवाज ते व्हाउचर घेणारे यंत्र आपल्याजवळच्या साठ्यातून देते. एकच फाइल दोन मोबाइलवर वेगळी ऐकू येते ती यामुळेच.

प्रत्येक पट्टीला ० ते १२७ पैकी एक क्रमांक असतो. मधल्या सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. पट्टी दाबण्याचा जोरही याच अंकांत मोजतात. याशिवाय १६ वाहिन्या असतात. त्यांना बँकेच्या १६ खिडक्या समजावे. दहावी खिडकी १९९१ च्या 'जनरल मिडी' नियमानुसार तालवाद्यांसाठी राखीव आहे. इतर खिडक्यांवर ६० म्हणजे पांढरी एक, पण दहाव्या खिडकीवर तोच ६० म्हणजे बोंगोचा उंच ठोका! चालीऐवजी नुसती ठोकाठोक ऐकू आली, तर प्रथम वाहिनी तपासावी.

जोडणीचा क्रम

साध्या हार्मोनियममधून मिडी निघत नाही. त्यासाठी मिडीची सोय असलेला कीबोर्ड लागतो. यूएसबीचा कीबोर्ड सरळ संगणकाला जोडता येतो. जुन्या कीबोर्डला पाच टाचण्यांची गोल खाच असते. त्यासाठी मधे जोडयंत्र लावावे लागते. कीबोर्डच्या 'आउट'मधून निघालेली माहिती संगणकाच्या 'इन'मध्ये गेली पाहिजे, हे सूत्र लक्षात ठेवावे. आधी कीबोर्ड जोडून चालू करावा, नंतर प्रणाली उघडावी. मग 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन मिडी इनपुट म्हणून आपल्या कीबोर्डचे नाव निवडावे व आवाजासाठी योग्य ध्वनिसाधन निवडावे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इनपुट चुकले तर स्वर उमटत नाहीत, ध्वनिसाधन चुकले तर उमटलेले स्वर ऐकू येत नाहीत.

नवशिक्याने चाल सलग वाजवून उतरविण्याच्या फंदात पडू नये. म्यूझस्कोरमध्ये 'एन' हे बटण दाबून स्वर भरण्यास सुरुवात होते. एक मात्रा म्हणजे चतुर्थांश स्वर असे ठरविल्यास ५ हा आकडा एका मात्रेचा, ४ अर्ध्या मात्रेचा व ६ दोन मात्रांचा होतो. आकडा दाबावा, पट्टी दाबावी, पुढे जावे.

दोन आवाज व उशिरा येणारा आवाज

पट्टी दाबताच एकाच स्वराचे दोन आवाज आले, तर एक कीबोर्डचा व दुसरा संगणकाचा असतो. कीबोर्डचा आवाज शून्यावर आणावा किंवा त्यावरील 'लोकल' ही सोय बंद करावी.

आवाज उशिरा येत असेल तर 'बफर'चा आकडा पाहावा. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने १,०२४ चा बफर म्हणजे सुमारे २३ सहस्रांश सेकंद, तर २५६ चा बफर म्हणजे सुमारे ६ सहस्रांश सेकंद. आकडा लहान केला की उशीर कमी होतो. पण फार लहान केल्यास जुन्या संगणकावर आवाज तडतडतो. तडतड सुरू झाली की एक पायरी मागे यावे.

सा कोठे ठेवावा?

आपल्याकडे कोणी काळी एकमध्ये गातो, तर कोणी काळी चारमध्ये. आमची सूचना अशी की, मूळ प्रत नेहमी पांढरी एकला सा धरून लिहावी आणि गायकासाठी वेगळी प्रत काढून ती 'ट्रान्सपोज'ने हलवावी. मधल्या पांढरी एकवरून खाली काळी चारवर यायचे तर ४ पट्ट्या वजा, म्हणजे ६० चे ५६ होतात. कीबोर्डवरील ट्रान्सपोजचे बटण मात्र शून्यावर ठेवावे. अनेक कीबोर्ड त्या बटणाप्रमाणे पाठविलेला क्रमांकही बदलतात व सा दोनदा सरकतो.

जुन्या कॅसेटवरून चाल उतरविताना आणखी सावध असावे. यंत्र १ टक्का जलद फिरले तर स्वर सुमारे १७ सेंट चढतो (लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतर १०० सेंट). सुमारे ६ टक्के जलद फिरले तर एक पूर्ण पट्टी चढते. म्हणून कॅसेटवर ऐकू आलेली पट्टी हीच गायकाची पट्टी, असे धरू नये.

वाद्य, ताल व लय

जनरल मिडीच्या १२८ आवाजांत आपल्या पेटीला जवळचा आवाज 'रीड ऑर्गन' हा २१ वा आहे. काही प्रणाली मोजणी शून्यापासून करतात, तेथे तो २० वर सापडेल. सतार १०५ वर व सनई ११२ वर आहे. तबला व ढोलकी या यादीत नाहीत. बोंगो-कोंगोवर ठेका बसविता येतो, पण तो केवळ मात्रा मोजण्यापुरता समजावा.

लय अंदाजाने लिहू नये. समजा, केरव्याची १० आवर्तने, म्हणजे ८० मात्रा, ५० सेकंदांत झाली. ८० ला ६० ने गुणून ५० ने भागल्यास ९६ येतात. हाच मिनिटाचा मात्रांचा आकडा होय. ध्रुवपद परत येत नसेल तर पुनरावृत्तीच्या खुणा तपासाव्यात आणि वादनाच्या मांडणीत पुनरावृत्ती चालू आहे ना, तेही पाहावे.

यंत्राची मर्यादा

संगणक सप्तकाचे १२ समान भाग करतो. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर बसतो, तर तानपुऱ्याशी जुळणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. हार्मोनियमवरही अशाच कारणांनी आक्षेप घेतले गेले. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. म्यूझस्कोरमध्ये एकेका स्वराच्या गुणधर्मांत जाऊन तो सेंटच्या हिशेबाने कमी-जास्त करता येतो. येथे उणे १४ लिहिले की गंधार जागेवर येतो. मात्र प्रत्येक आवाज-संच ही दुरुस्ती मानतोच असे नाही, म्हणून ऐकून खात्री करावी. मींडेसाठी 'ग्लिसँडो'ची खूण घातल्यास यंत्र बहुधा मधल्या पट्ट्या एकेक करून वाजविते. ती मींड नव्हे.

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येथेच आहे. आज मुले मोबाइलवर ऐकून गाणे शिकतात. चुकीच्या मांडणीची फाइल एकदा गावोगाव गेली की यंत्राने वाजविलेली सरळसोट चाल हीच खरी चाल ठरेल व जुन्या गायकाची हरकत, लगाव, श्वासाची जागा चुकीची ठरेल. मग चाल वाचविण्याच्या नावाखाली आपणच ती पुसून टाकू.

याकरिता प्रत्येक गीताच्या पाच गोष्टी एकत्र ठेवाव्यात : गायकाच्या आवाजातील मूळ ध्वनिमुद्रण, मूळ स्वरलेखनाची फाइल, इतर प्रणालींत उघडण्यासाठी म्यूझिकएक्सएमएल प्रत, छापील पान, आणि ऐकण्यासाठी एमपी-थ्री. शेवटची प्रत मिडीत देऊ नये, कारण ऐकणाऱ्याच्या मोबाइलमध्ये कोणता आवाज आहे हे आपल्या हाती नसते. १२८ किलोबिटच्या एमपी-थ्रीला मिनिटाला जेमतेम १ एमबी जागा लागते. पानावर गायकाचे नाव, गाव, पट्टी, ताल, लय व उतरविल्याची तारीख लिहावी.

आणि फाइल वाटण्यापूर्वी ती ज्यांची चाल आहे, त्या गायकाला किंवा त्यांच्या साथीदाराला ऐकवावी. त्यांनी "हो, अशीच आहे" म्हटल्यावरच ती पुढे द्यावी. बँकेत सहीशिवाय व्हाउचर पास होत नाही, तोच नियम येथे असावा. तरुण वाचकांनी या हिवाळ्यात आपापल्या गावातील एका वृद्ध गायकाची एक तरी चाल उतरवावी, अशी विनंती करून आम्ही येथे लेखणीस विराम देतो.