सॅकमधून काय काढू?

प्रश्न : डिसेंबरात पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर एका मुक्कामासाठी जातोय. सॅक १४ किलोंची झालीय. वजन कसं कमी करू?

उत्तर : सॅक सतरंजीवर रिकामी करा आणि एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा. जादा वजन बहुधा कपड्यांत आणि खाऊत सापडतं. जीन्स आधी बाहेर काढा. ती भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. गावात आधी सांगून ठेवलंत तर पिठलं-भाकरी मिळते, मग शेगडी-भांडी कशाला? तंबूचे भाग सोबत्यांत वाटून घ्या.

पाण्यात मात्र काटकसर नको. लिटरमागे किलोभर ओझं वाढतं हे खरं, तरी पायथ्याहून माणशी दोन लिटर घ्याच. टाक्यातलं पाणी शुद्धीकरणाची गोळी टाकूनच प्या.

आणि मॅट! वजन वाचवायला अनेक जण तीच घरी ठेवतात. स्लीपिंग बॅगचा खालचा थर आपल्या भाराने दबतो, त्यातली हवा जाते आणि थंडगार कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतो. कोकणकड्यावरच्या वाऱ्यासाठी विंडचीटर, कानटोपीही हवीच.

हेडलॅम्प, जादा सेल, शिट्टी आणि नेहमीची औषधं यांना हात लावू नका. ती सगळी मिळून अर्धा किलोही भरत नाहीत.