प्रोस्टेटचा कॅन्सर : आतला शेक की बाहेरचा?

कॅन्सरच्या किरणोपचाराला आपल्या वस्त्यांत कोणी ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाइट’. आतला शेक म्हणजे काय, हे आपल्या घरांतल्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये आधी बाहेरून शेक देतात, मग नळ्या बसवून आतून देतात. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरमध्येही असाच आतला शेक असतो. डॉक्टर त्याला ब्रेकीथेरपी म्हणतात. तो घ्यावा, ऑपरेशन करावे की बाहेरचा शेक पुरे, हा प्रश्न घरात आला तर विचार कसा करायचा, ते या अंकात पाहू.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. वय वाढले की ती बहुतेकांची फुगते आणि धार बारीक होते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. हा कॅन्सरच असतो असे नाही. म्हणून पीएसए नावाची रक्ताची तपासणी करतात. तो आकडा ४ च्या वर गेला की पुढे तपासावे लागते. पण नुसती ग्रंथी फुगल्याने, लघवीच्या जंतुसंसर्गाने किंवा नळी घातल्यानेही तो वाढतो. खात्री होते ती ग्रंथीचा तुकडा तपासूनच. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे लोक महिनोन्‌महिने घालवतात.

तुकड्याच्या रिपोर्टवर ‘ग्लीसन’ म्हणून ६ ते १० पर्यंतचा आकडा असतो. ६ म्हणजे संथ रोग, ८ पासून पुढे आक्रमक. हा आकडा, पीएसए आणि रोग ग्रंथीतच आहे की बाहेर गेला आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय उपचार निवडायला बसू नये. शेजारच्या माणसाला जे लागू पडले ते आपल्या वडिलांना लागू पडेलच असे नाही.

आतला शेक दोन प्रकारे देतात. पहिल्या प्रकारात भूल देऊन, गुदद्वार आणि अंडकोष यांच्या मधल्या जागेतून सुया घालून आयोडीन-१२५ चे तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक दाणे ग्रंथीत पेरतात. हे दाणे कायम आतच राहतात; त्यांचा जोर साधारण साठ दिवसांनी निम्मा होतो आणि असाच उतरत जातो. असे दाणे आपल्या देशात भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केले आहेत. दुसऱ्या प्रकारात पोकळ सुयांतून इरिडियमचा स्रोत काही मिनिटे आत पाठवून परत घेतात, शरीरात काहीच उरत नाही.

याचा मोठा फायदा वेळेचा आहे. काम एक-दोन वेळा रुग्णालयात जाऊन उरकते. बाहेरचा शेक आठवड्यातून पाच दिवस घ्यावा लागतो. पूर्वी तो सात-आठ आठवडे चाले, आता अनेकांना चार आठवड्यांत वीस वेळा देऊन भागते, आणि काही निवडक रुग्णांना पाच वेळातच देतात. रोजंदारीवरच्या माणसाला वीस दिवस आणि दोन दिवस यांतला फरक समजावून सांगायला नको.

पण आतला शेक सगळ्यांना चालत नाही. ग्रंथी फार मोठी असेल, लघवी आधीच अडत असेल किंवा दुर्बिणीने ग्रंथी खरवडलेली असेल, तर डॉक्टर सहसा नको म्हणतात. नंतर काही महिने लघवीला जळजळ होते, घाई लागते, कधी लघवी पूर्ण अडून नळी घालावी लागते. घरात संडास असलेल्या माणसाचे यात निभावते. पण रात्री दोन वाजता गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासाकडे पळणाऱ्या म्हाताऱ्याचे काय? डॉक्टर हे विचारतीलच असे नाही. आपणच सांगावे. दाणे पेरले असतील तर सुमारे दोन महिने लहान मुलांना मांडीवर घेऊ नये, गरोदर बाईने जवळ फार वेळ बसू नये. एका खोलीच्या घरात हे कसे जमेल, तेही आधीच ठरवावे लागते.

बाहेरच्या शेकाने मात्र माणूस किरणोत्सर्गी होत नाही. नातवाला जवळ घ्यावे, सोबत जेवावे. कॅन्सर स्पर्शाने होत नाही. तरीही काही घरांत रुग्णाचे ताट वेगळे काढलेले आम्ही पाहतो. वेगळ्या ताटाचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग कोणता उपचार जास्त चांगला? कॅनडात ३९८ रुग्णांची तुलना झाली. सगळ्यांना हॉर्मोनचे औषध आणि बाहेरचा शेक दिला; शेवटचा हप्ता काहींना दाणे पेरून, काहींना बाहेरूनच दिला. नऊ वर्षांनी पीएसए काबूत राहिलेले पहिल्या गटात शंभरात ८३, दुसऱ्यात ६२. जगण्याच्या वर्षांत मात्र ठळक फरक दिसला नाही, आणि लघवीचा गंभीर त्रास पहिल्या गटात शंभरात १८ जणांना, तर दुसऱ्यात ५ जणांना झाला.

दुसरा अभ्यास आपल्या परळच्या टाटा रुग्णालयाचा, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. आक्रमक रोगाच्या २२४ रुग्णांना बाहेरचाच शेक आणि किमान दोन वर्षे हॉर्मोनचे उपचार दिले. ज्यांच्या कटिभागातल्या गाठींनाही शेक दिला, त्यांच्यात पाच वर्षांनी शंभरात ९५ जणांचा पीएसए काबूत होता. फक्त ग्रंथीला दिला त्यांच्यात ८१ जणांचा. म्हणून आम्हाला वाटते, आतला शेक परवडला नाही किंवा जवळ मिळाला नाही, म्हणून बाप हातचा गेला असे कोणी मनाला लावून घेऊ नये. त्यासाठी घर गहाण टाकण्याचे तर कारणच नाही. प्रोस्टेटसाठी हा उपचार नेहमी करणारी केंद्रे मोजकीच आहेत, आणि सराव नसलेल्या हातून तो करून घेण्यात शहाणपण नाही.

ऑपरेशनने ग्रंथीच काढून टाकतात. लघवी गळण्याचा त्रास त्यात सर्वांत जास्त. लैंगिक शक्ती ऑपरेशन आणि शेक दोन्हींनी कमी होते; हे नवरा-बायकोने डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. रोग लहान आणि संथ असेल तर ठराविक तपासण्या करत थांबणे हाही उपचारच आहे. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांना देखरेख, ऑपरेशन आणि बाहेरचा शेक अशा तीन गटांत विभागून पंधरा वर्षे पाहिले. तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले शंभरात तीनच्या आसपास होते.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. पुष्कळ माणसे येतात तेव्हा रोग हाडांत गेलेला असतो. तिथे ब्रेकीथेरपीचा उपयोग नाही. हॉर्मोन रोखणे हा मुख्य उपचार. तो इंजेक्शनांनी होतो किंवा अंडकोष काढण्याच्या लहानशा ऑपरेशनने. दर एक किंवा तीन महिन्यांची इंजेक्शने चुकणार असतील तर ऑपरेशनचा विचार लाज न बाळगता करावा, परिणाम तोच असतो. सोबत कोणत्या गोळ्या लागतील तेही विचारावे. हाडाचे दुखणे बाहेरच्या शेकाच्या एकाच बैठकीनेही पुष्कळांचे उतरते. मात्र पाठ दुखत असताना पायांतली ताकद अचानक गेली किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

नाशिकमध्ये शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कॅन्सर विभाग आहे. सुरुवात तिथून करावी. मुंबईला पाठवले तर रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत मिळते, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे रुग्ण वर्षानुवर्षे उतरत आले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण रुग्णालय योजनेत आहे का, आणि आपल्याला सांगितलेला नेमका उपचार योजनेत बसतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला दोन्ही विचारावेत, आगाऊ रक्कम भरण्याच्या आधी.

उपचार संपल्यावर पीएसए ठराविक महिन्यांनी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावा आणि प्रत्येक आकडा तारखेसह एका वहीत लिहावा. शेकानंतर, विशेषतः आतल्या शेकानंतर, पहिल्या दोन-तीन वर्षांत तो एकदा थोडा वर जाऊन आपोआप खाली येऊ शकतो. तेवढ्यावरून घाबरून नवा डॉक्टर गाठू नये. वही घेऊन जुन्याच डॉक्टरांकडे जावे.