हृदयाच्या ऑपरेशननंतर : दाह, दम आणि ऑक्सिजन

बायपास किंवा झडपेचे ऑपरेशन करून माणूस घरी येतो. चार पावले चालला की दम लागतो. घरचे घाबरतात आणि पदरचे पैसे मोडून ऑक्सिजनचे सिलिंडर भाड्याने आणतात. त्याआधी शरीरात काय घडते ते समजून घेऊ.

दाह म्हणजे काय?
पायात काटा मोडला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह. शरीर त्यातून स्वतःला वाचवत असते. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये बहुतेकदा छातीचे हाड कापतात आणि रक्त काही वेळ हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. १९५३ मध्ये या मशीनवर पहिले यशस्वी ऑपरेशन झाले. पण मशीनच्या नळ्या रक्ताला परक्या असतात. त्यामुळे दाह अंगभर पसरतो आणि फुफ्फुसांनाही सूज येते. त्यात छाती दुखते म्हणून रुग्ण अर्धाच श्वास घेतो. म्हणून दवाखान्यात पहिले काही दिवस ऑक्सिजन देतात.

ऑक्सिजन हे औषध आहे
त्याचाही डोस असतो. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन अपाय करतो. बिडीने किंवा चुलीच्या धुराने ज्यांची फुफ्फुसे खराब झाली आहेत, त्यांना तर जास्तच. बहुतेकांना घरी ऑक्सिजन लागत नाही. डॉक्टरांनी लिहून दिला असेल, तर सांगितलेल्या आकड्यावरच ठेवा. त्या खोलीत चूल, बिडी, मेणबत्ती, अगरबत्ती पेटवू नका. वंदनेला फुले पुरेशी आहेत.

घरी काय करावे?
• तीन गोळ्यांच्या यंत्राने दर तासाला दहा वेळा सावकाश श्वास आत ओढा.
• खोकताना छातीशी उशी धरा.
• रोज थोडे थोडे चाला.
• डॉक्टर सांगेपर्यंत पाण्याचा गुंड, बादली उचलू नका.
• खर्रा, बिडी कायमची बंद.

केव्हा थांबू नये?
ताप १०१ वर गेला, जखमेतून पू आला, छातीचे हाड कटकट वाजले, एक पोटरी सुजली किंवा आडवे होताच दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा बसल्या जागी ९४ च्या खाली राहिला तरीही दाखवा. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी आकडा जास्त दाखवते. म्हणून आकडा चांगला असला तरी माणूस धापा टाकत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा. ओठ निळे पडले किंवा बोलता येईना, तर लगेच १०८ ला फोन करा.

डिस्चार्ज कार्ड आणि रेशन कार्ड एकाच पिशवीत ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची ऑपरेशने बसतात. सेवाग्राम असो की सावंगी, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि न लाजता विचारा. तो आपला हक्क आहे.