चहासोबतची खारी आणि आपले हृदय

अमरावती-अकोल्याकडील घरांत सकाळचा चहा बहुधा एकटा येत नाही. त्याच्यासोबत खारी, टोस्ट, बटर किंवा क्रीमरोल असतोच. रुग्णास भेटावयास येणारे आप्तही बेकरीतील असाच एखादा पुडा हाती घेऊन येतात. वाढदिवस किंवा पुण्यतिथीच्या निमित्ताने रुग्णालयात फळांसोबत ब्रेड व बिस्किटे वाटण्याची प्रथाही आपल्याकडे जुनी आहे. आजारी माणसाच्या पोटात काही हलके, पचण्यास सोपे जावे, ही त्यामागील सद्भावना. परंतु हातास हलकी लागणारी खारी शरीरासही तशीच हलकी असते काय, याचा विचार क्वचितच होतो. तो विचार येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

खारीचे पदर कशाने सुटतात?

मैद्याच्या पोळीवर घट्ट स्निग्धाचा थर देऊन ती पुन्हा पुन्हा दुमडली व लाटली जाते. भट्टीच्या उष्णतेने पिठातील पाण्याची वाफ होते आणि पदर सुटे होतात. म्हणजे खारीचा हलकेपणा पदरांमधील पोकळीचा आहे. तिच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, निव्वळ स्निग्धाचा असतो.

हे स्निग्ध लोण्याचे असावे, अशी आपली समजूत असते. तथापि लोणी ३२ ते ३५ अंश तापमानास वितळते, आणि अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. शिवाय लोणी महाग. म्हणून बेकरीवाल्यांनी वनस्पती तुपाचा आधार घेतला. ते स्वस्त, घट्ट व टिकाऊ होते. क्रीमरोलमधील पांढरे ‘क्रीम’ही बहुधा दुधावरील साय नसून अशाच स्निग्धात घोटलेली पिठीसाखर असते.

वनस्पती तूप व ट्रान्स मेद

द्रवरूप तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते गोठविण्याची प्रक्रिया जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉरमान यांनी १९०१ साली शोधली. भारतात १९३७ पासून ‘डालडा’ने हे कणीदार तूप घरोघरी पोहोचविले. वऱ्हाडास परिचित असलेले सरकीचे तेलही या प्रक्रियेने गोठविता येते. मात्र ही प्रक्रिया अपुरी ठेवली असता तेलातील काही मेदाम्लांची रचना पालटते. त्यांनाच ट्रान्स मेद म्हणतात. रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल ते वाढवितात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्यास हे दुहेरी कारण ठरते. अमेरिकेतील ८५ हजारांहून अधिक परिचारिकांच्या आहाराचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला, त्यातही ट्रान्स मेद अधिक खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका अधिक आढळला.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २००९ साली वनस्पती तुपाचे नमुने तपासले. डेन्मार्कने ठरविलेल्या २ टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा ५ ते १२ पट ट्रान्स मेद त्यांत आढळले. पुढे आपल्या देशातही कायद्याची मर्यादा १० टक्क्यांवरून क्रमाक्रमाने खाली आली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती २ टक्के झाली.

या आकड्यांचा अर्थ साध्या हिशेबाने कळेल. १०० ग्रॅम खारीत २५ ग्रॅम स्निग्ध आहे असे धरू. त्यात २० टक्के ट्रान्स मेद असल्यास ५ ग्रॅम ट्रान्स मेद पोटात जाईल. २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्या व्यक्तीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची कमाल मर्यादा सुमारे २.२ ग्रॅम आहे. म्हणजे ती एका पुड्यातच दुपटीहून अधिक ओलांडली जाते. तेच स्निग्ध २ टक्क्यांच्या नियमात बसणारे असेल, तर हे प्रमाण अर्ध्या ग्रॅमवर येते. कायदा पाळला गेला तर किती हृदये वाचू शकतात, हे यावरून ध्यानी यावे.

एवढ्याने प्रश्न मिटत नाही

ट्रान्स मेद टाळण्यासाठी आता पाम तेलाचे घट्ट स्निग्ध मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यात निम्म्याच्या जवळपास संपृक्त मेद असतो, आणि तोही अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितो. म्हणून वेष्टनावरील ‘ट्रान्स फॅट शून्य’ या शब्दांवरून तो पदार्थ पथ्याचा ठरत नाही. मैद्यात कोंडा नसल्याने तंतू अत्यल्प उरतात व रक्तातील साखर झपाट्याने चढते, ही गोष्ट मधुमेही रुग्णांनी विशेष ध्यानात घ्यावी. रक्तदाबाच्या रुग्णांनी खारी व ब्रेडमधील मीठ विसरू नये. संपूर्ण दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

ब्रेड फुगावा म्हणून पूर्वी पिठात पोटॅशियम ब्रोमेट मिसळले जाई. कर्करोगास कारणीभूत होण्याची शक्यता असलेल्या या द्रव्यावर २०१६ साली आपल्या देशात बंदी आली.

आपण काय करावे?

वेष्टनावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा, साखर व वनस्पती स्निग्ध ही नावे आरंभीच असतील तर तो पदार्थ रोजचा नव्हे, असे समजावे. ‘हायड्रोजिनेटेड’, ‘शॉर्टनिंग’ किंवा ‘मार्गारीन’ हे शब्द आढळल्यास सावध राहावे. खरी अडचण सुट्या मालाची. कागदात बांधून मिळणाऱ्या खारीवर काहीच छापलेले नसते. तेथे कोणते स्निग्ध वापरले, हे बेकरीवाल्यास नि:संकोच विचारावे. त्याचा व्यवसाय गिऱ्हाइकाच्या मागणीवर चालतो. दहा जणांनी विचारले तर अकराव्यासाठी माल बदलू शकतो.

न्याहारीसाठी आपल्या मातीत उत्तम पर्याय आहेत. ज्वारीची भाकर, ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, मुगाचे धिरडे, कमी तेलातील पोहे, यांपैकी काहीही खारीहून हितकर आहे. लहान मुलांना सणासुदीस नानखटाई मिळाली तर बिघडत नाही; प्रश्न रोजच्या सवयीचा आहे.

रुग्णांच्या आप्तांस आमची विनंती आहे की, खाऊ आणण्यापूर्वी परिचारिका किंवा आहारतज्ज्ञास विचारावे. वरूड-मोर्शीचे संत्रे बहुतेकांस चांगले. परंतु मूत्रपिंडाच्या काही रुग्णांस त्यातील पोटॅशियममुळे तेही वर्ज्य असते. देणगीदारांसही नम्र आवाहन आहे की, ब्रेड-बिस्किटांऐवजी ज्वारी, मूगडाळ किंवा ताजी फळे रुग्णालयाच्या स्वयंपाकघरास द्यावीत. वैद्यकीय पथ्यानुसार ती योग्य रुग्णाच्या ताटात पोहोचतील आणि आपले दान त्यास खऱ्या अर्थाने आरोग्यदायी ठरेल.